बिल, बॉक्स आणि सुकेळी

बुडुक.

एवढाच आवाज आला, मोरीतून. त्याआधी बराच वेळ घर गप्प होतं, आणि पाच वर्षांचं मूल जागं असताना घर गप्प असणं ही काही चांगली बातमी नसते. तव्यावरची पोळी तशीच टाकून मी धावले. मनाली बादलीसमोर उकिडवी बसली होती. बादलीच्या तळाशी माझा टॅब होता आणि त्याची स्क्रीन अजून चालू होती. पाण्यातून तो उजेड फार सुंदर दिसत होता, हे मला मान्य करायला हवं.

"त्याला आंघोळ घालतेय," मनाली म्हणाली.

उजेड जरासा थरथरला आणि विझला.

मी मराठी शिकवते. वसई-विरारला बदली होऊन आलेले बँकेतले अधिकारी, दवाखान्यातल्या केरळच्या नर्सेस, एक रेल्वेतले शुक्लाजी. दुपारी मनाली झोपली की मी स्क्रीनसमोर बसते आणि 'मला पाहिजे' आणि 'मला आवडतं' यांतला फरक समजावून सांगते. सोमवारपासून नवी बॅच होती. टॅब नाही तर बॅच नाही, आणि बॅच नाही तर फुलपाड्यातली ही खोलीही नाही. मग खाडीकाठी आईच्या घरी परत जायचं, आणि आई, म्हणजे सत्यवतीबाई, दारातच म्हणणार, "मी म्हनलंच होतं." आई वाईट नाही. पण तिचं हे एक वाक्य मला रोज जेवणासोबत नको होतं.

म्हणून जुना टॅब शोधायला लागले. जुन्या वस्तूंच्या बाबतीत मी दुधाने तोंड पोळलेली आहे. एकदा बाजारात एका फार गोड हसणाऱ्या मुलाकडून फोन घेतला होता. आठवडा झाला नाही तोच पोलीस चौकीतून फोन आला. त्याच फोनवर. "मॅडम, तुम्ही ज्यावर बोलताय तो चोरीचा आहे." तेव्हापासून मी हसण्यावर जात नाही. बिल बघते.

जाहिरातींमध्ये एक नाव दिसलं – हरिश्चंद्र, गाव उमेळे. या नावाचा माणूस निदान खोटं बोलायला लाजेल, असं वाटलं.

'काका, टॅब आहे का अजून?' मी लिहिलं.

'आहे.'

'काका, बिल आहे?'

'आहे.'

'बॉक्स?'

'तोही.'

'काका, मी आगाऊ पैसे पाठवत नाही.'

'मी मागितलेले नाहीत.'

'भेटायचं वसईत, कोर्टासमोरच्या बेकरीत. दिवसाउजेडी.'

 मग आलं, 'चालेल. माझ्यावर केस आहे का?'

काका मिश्कील दिसतात, मी मनात म्हटलं.

कोर्टासमोरची जागा मी मुद्दाम निवडली होती. आजूबाजूला काळे कोट, पोलीस, बसची वाट बघणारी माणसं. चोर तिथे माल विकायला येत नाही. शिवाय ती जागा माझ्या ओळखीची होती. मनालीचे बाबा दुबईला गेले आणि पुढे तिथलेच झाले; घटस्फोटाचे सगळे कागद याच कोर्टात पूर्ण झाले. तारखेला आले की मी समोरच्या बेकरीत बसायची. कॅथरिन आंटी न विचारता चहा आणून ठेवायची आणि मनालीला पावाचा कडेचा, कुरकुरीत तुकडा द्यायची. त्याबद्दल इतकंच.

भेटीच्या दिवशी मी आणि मनाली बेकरीतल्या बाकावर बसलो होतो. पाऊस जवळजवळ संपला होता. मधूनच एखादी सर यायची आणि आपण चुकून आलो असं वाटल्यासारखी निघून जायची. अशाच एका सरीतून एक जण धावत आत आला. पाठीला सॅक, केसांतून पाणी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेला बॉक्स. स्वतः भिजला होता, बॉक्स कोरडा होता. मी ते बघितलं आणि लगेच बघितलं नाही असं केलं.

"स्वप्नाली?"

"हो. हरिश्चंद्रकाका कुठे आहेत?"

"काका घरी आहेत. चाफ्याला पाणी घालतायत." तो समोर बसला. "मी उमंग. ते माझे वडील. जाहिरात त्यांच्या नंबरवरून टाकली होती, उत्तरं मी देत होतो."

"म्हणजे सुरुवातच खोट्याने."

"मी एकदाही म्हटलं नाही की मी काका आहे. तुम्हीच म्हणत होता… आणि इतक्या मानाने म्हणत होता की मोडवेना."

काउंटरमागे कॅथरिन आंटी उगाचच फडक्याने काच पुसायला लागली.

मी टॅब पुढे ओढला आणि पहिला प्रश्न विचारला. जुनी वस्तू घेताना माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, मनालीलाही तो पाठ आहे. म्हणून आम्ही दोघींनी एकदमच विचारलं,

"हा आधी कुणाचा होता?"

त्याने आधी मनालीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आईचा," तो म्हणाला. "मंदा नाव तिचं. ती… गेल्या होळीच्या आधी गेली."

अशा वेळी काय म्हणतात ते मी लोकांना शिकवते. 'ऐकून वाईट वाटलं.' धडा चौथा. मला मात्र ते म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "बिल दाखवता?"

त्याने दाखवलं. एका कोपऱ्यावर हळदीचा डाग होता. दुकानाचा शिक्का, तारीख, नाव, सगळं नीट. काचेवर चरा नव्हता. चार्जिंगची पिन घट्ट बसत होती. मी चालू करण्याचं बटण दाबलं.

"अगदी स्वच्छ करून आणलाय," तो जरा अभिमानाने म्हणाला. "आतलं सगळं पुसलं. आमच्याकडे वस्तू दुसऱ्याला देताना धुऊन-पुसून देतात. आई तर कुणाचं भांडं परत करताना चिंचेने घासायची."

स्क्रीन उजळली. हॅलो म्हणाली. मग तिने शांतपणे आधीच्या मालकाचा पासवर्ड मागितला.

"टाका," मी म्हटलं.

"काय?"

"पासवर्ड. आईंचा."

"तो मला माहीत नाही. म्हणून तर बटणं दाबून बाहेरूनच पुसला."

मी टॅब खाली ठेवला. वर्गात ठेवते तो आवाज आपोआप आला. "आधी खातं काढायचं असतं, मग पुसायचं. तुम्ही उलटं केलंत. आता त्याला वाटतंय की आपल्याला चोरून आणलंय. खऱ्या मालकाशिवाय तो कुणालाही उघडणार नाही."

"खरा मालक…" तो म्हणाला.

"मी हा घेऊ शकत नाही. सॉरी."

मला वाटलं, आता चिडेल. इतक्या लांब बोलावलं, तपासणी केली, वगैरे. तो चिडला नाही. "बरोबर आहे," म्हणाला. "मीही घेतला नसता." मग सॅकमधून एक स्टीलचा डबा काढून त्याने मनालीपुढे सरकवला. "ही सुकेळी. आमच्या वाडीतल्या केळ्यांची, वाळवलेली."

"व्यवहार झाला नाही," मी म्हटलं.

"सुकेळी व्यवहारात नव्हतीच."

तोवर मनालीच्या तोंडात सुकेळी होती आणि हनुवटीवर मध. निदान मधासारखं काहीतरी. डबा आमच्याकडे राहिला. तो गेल्यावर कॅथरिन आंटीने चहाचा कप उचलला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "डबा देऊन गेला. हुशार पोर आहे."

"विसरला असेल."

"हो. मीपण तरुणपणी अशीच विसरायची."

डबा रिकामा परत करायची रीत आमच्याकडेही नाही. माझ्या घरात गोड काही नव्हतं. आईने पाठवलेला सुका जवळा होता. मी त्याची चटणी केली, लसूण जरा सढळ हाताने घालून, आणि डबा भरला. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "वाडीवाली मानसं. तोंडाने गोड, आणि पानी पन मोजून देतील. सांबाळून."

"आई, मी डबा परत करतेय. लग्न करत नाही."

"मी लग्नाचं नावच काढलं नाय," आई म्हणाली. "तूच काढलंस."

दुसऱ्या भेटीत तो आला तो टॅब उघडायच्या तयारीनेच. आईचा मोबाइल नंबर वडील अजून रिचार्ज करतात, हे त्याने मला खाली बघत सांगितलं. सिम कपाटात, साड्यांच्या घडीखाली होतं. त्यावर कोड आला, वडिलांनी एकेक आकडा मोठ्याने वाचला, नवा पासवर्ड लावला, मग नियमाप्रमाणे एक दिवस थांबले. त्याने माझ्यासमोर पासवर्ड टाकला. टॅब उघडला.

"आता खातं काढा," मी म्हटलं. "मग मी पैसे देते."

त्याचा अंगठा स्क्रीनवर टेकणार, एवढ्यात टिंग वाजलं. वरच्या कडेला एक पट्टी सरकत आली.

'यांची गोळी. जेवल्यावर.'

 त्याच्या आईने लावलेली आठवण होती, रोजची. टॅब पुसला तरी खात्यात ती तशीच राहिली होती, आणि खातं उघडल्याबरोबर पुन्हा कामाला लागली होती.

"बाबा गोळी घेत नाहीत हल्ली," तो हळू म्हणाला. "विचारलं की म्हणतात, लक्षात राहत नाही. मला वाटायचं, बहाणा करतात…"

अंगठा तसाच अधांतरी होता. मी नियमांची बाई आहे. समोरचं खातं निघाल्याशिवाय पैसे देऊ नयेत, वस्तू घेऊ नये, हे मी चार बायकांना सांगितलेलं आहे. मी म्हटलं, "राहू द्या. नंतर काढू."

"पण तुमचा नियम?"

"सोमवारी माझा वर्ग आहे. टॅब मला हवाय. खातं सावकाश काढू."

"मग पैसेही सावकाश. खातं निघेल तेव्हा."

"आणि मी टॅब घेऊन पळून गेले तर?"

तो पहिल्यांदाच पूर्ण हसला. मी हसण्यावर जात नाही, हे आधी सांगितलंच आहे. "आमचा डबा अजून तुमच्याकडे आहे," तो म्हणाला. "आई टॅब विसरली असती. डबा परत न देणाऱ्यांची नावं ती विसरत नसे."

मी पिशवीतून डबा काढून त्याच्या हातात दिला. त्याने झाकण किलकिलं केलं, वास घेतला, आणि डोळे मिटले.

"गोड दिलं, खारं आलं."

"खाडीकडचे आहोत आम्ही. आमच्याकडे हेच येतं."

सोमवारी वर्ग सुरू झाला. स्क्रीनवर माझ्या चेहऱ्याखाली नाव येत होतं, मंदा. मी ते बदलायचं विसरले. मग शुक्लाजी म्हणाले, "नमस्कार मंदा मॅडम, आपण कसे आहे?" आणि मी 'आहात' दुरुस्त केलं, नाव दुरुस्त केलं नाही.

गोळीची पट्टी रोज दुपारी यायची. बघून सरकवून टाकणं बरं दिसेना. मी उमंगला लिहिलं, 'यांची गोळी. जेवल्यावर.' जरा वेळाने उत्तर आलं, 'घेतली. मंदाने सांगितलंय म्हटल्यावर गप्प उठले.'

असं ते सुरू झालं. त्याच्या आईने सगळं लिहून ठेवलं होतं, तारीख-वार घालून. 'मोगऱ्याची छाटणी.' 'पंप बघायला माणूस बोलावणे.' 'उमंगला सांगणे – गाडी हळू.' आलं तसं मी पुढे पाठवायची, एक अक्षर इकडचं तिकडे न करता.

'गाडी हळू,' मी पाठवलं.

'हे आईचं की तुमचं?'

'आईंचं. तारखेसकट आहे.'

'मग आता तुमचंही एकदा पाठवा.'

मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. मग लिहिलं, 'गाडी हळू.'

'हो,' त्याचं उत्तर आलं. नुसतं हो. त्या एका अक्षरावर मी त्या दुपारी एक अख्खी भाजी करपवली.

शनिवारी आम्ही बेकरीत भेटायचो. खातं काढायला. प्रत्येक वेळी काहीतरी आड यायचं. एकदा चार्जिंग नव्हतं, एकदा नेट नव्हतं, एकदा दोन्ही होतं तर कॅथरिन आंटीने गरम नानकटाई आणून ठेवली आणि बोटं तुपकट झाली. डबा जात-येत राहिला. सुकेळी, बोंबील. अळूच्या वड्या, करंदीचं सुकं. त्याचे वडील आता आधी डबा उघडतात आणि मग गोळी घेतात, असं तो सांगायचा.

"डब्याला वास लागलाय," एकदा तो म्हणाला.

"चिंचेने घासा."

"घासला. जात नाही." तो डब्याच्या झाकणावर बोट फिरवत होता. "मला जायला नकोही आहे."

मनाली आमच्यामध्ये बसून त्याच्या घड्याळाची चावी फिरवत होती. तिच्या देखत मी काहीच बोलत नसे. तिने एकदा एक माणूस घरातून गेलेला बघितलाय. तेव्हा ती लहान होती, लोक म्हणतात कळलं नसेल. पण त्यानंतर वर्षभर ती दाराशी चपला मोजायची. तिला पुन्हा कुणाच्या चपलांची सवय लावायची, तर आधी ती माणसं जाणार नाहीत याचं बिल कुठे मिळतं, ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी शनिवारपुरतंच बघायची.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी वर्ग चालू असताना पट्टी आली. शुक्लाजी 'मला आवडते' म्हणत होते आणि मी वाचत होते –

'तुळशीचं लग्न झालं की मेघनाच्या आईशी बोलणे. उमंगसाठी.'

मेघना कोण ते मला माहीत होतं. त्यांच्या शेजारच्या वाडीतली. त्याच्या बोलण्यात एक-दोनदा आली होती, तीही विहिरीच्या पंपाच्या संदर्भात. त्यांच्यातलीच. शिकलेली. तिच्या दाराशी कुणी चपला मोजत नाही.

"मंदा मॅडम, हे बरोबर आहे?" शुक्लाजींनी विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं. त्यांनी काय वाक्य केलं होतं कोण जाणे.

ती पट्टी नुसती बोटाने बाजूला सारता आली असती. कुणालाच कळलं नसतं. पण आजवर सगळं जसंच्या तसं पोचवलं होतं. आणि हे तर त्या बाईचं सगळ्यात महत्त्वाचं काम होतं. मी ते पाठवलं. त्याखाली लिहिलं, 'शनिवारी खातं काढू. पैसे घेऊन येते.'

दोन निळ्या खुणा झाल्या. उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. गोळीची पट्टी आली, ती मी पाठवली. त्यावरही नाही.

शनिवारी मी टॅब फडक्याने पुसला, बॉक्समध्ये घातला, चार्जर गुंडाळून ठेवला, पैसे पाकिटात. टॅब चांगला होता. या वेळी नीट खात्री करून घेतला होता. मी एवढंच मनाशी म्हणत राहिले.

बेकरीसमोर रिक्षा थांबली. आधी उमंग उतरला. मग त्याने हात देऊन एका म्हाताऱ्या माणसाला उतरवलं. पांढरा शर्ट, खिशात सोनचाफ्याचं फूल, छातीशी धरलेला डबा. म्हातारे बाकापर्यंत आले, माझ्यासमोर बसले आणि जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"तू म्हणे मला काका म्हणायचीस," ते म्हणाले. "भेटल्यावर का गप्प?"

"काका," मी म्हटलं. 

"हं. आता बरं वाटलं." त्यांनी डबा मनालीकडे सरकवला. "मंदा पंधरा वर्षं गोळीसाठी मागे लागायची, मी ऐकलं नाही. ती गेल्यावर ऐकायला लागलो. म्हटलं, रोज कोण सांगतंय ते एकदा बघून यावं." मग ते उठून काउंटरकडे गेले आणि नानकटाई ताजी आहे का, याची कॅथरिन आंटीकडे फार बारीक चौकशी करू लागले. आंटीही फार बारीक उत्तरं देऊ लागली.

उमंग समोर बसला. मी पाकीट पुढे केलं. त्याने ते घेतलं नाही.

"मेघनाकडे गेलो होतो," तो म्हणाला.

"चांगलं केलंत."

"आईने लिहून ठेवलेलं. टाळता येत नव्हतं. तिच्या आईशी बोललो, तिच्याशीही बोललो. म्हटलं, आमच्या आईची अशी-अशी इच्छा होती, आणि मला ती पूर्ण करता येणार नाही. मेघना म्हणाली, सुटले, मला इथे वाडीत राहायचंच नव्हतं. मग विचारलं, कोण आहे? मी सांगितलं…" तो थांबला. "मी सांगितलं, मंदा मॅडम."

मला हसू आलं. डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही एकदम आल्यावर कुठे बघायचं ते कळत नाही, म्हणून मी टॅबच्या बॉक्सकडे बघितलं.

"उत्तर का दिलं नाहीत?"

"फोनवर द्यायचं नव्हतं. तुम्हीच म्हणालेलात, कोर्टासमोर. दिवसाउजेडी." त्याने हात टेबलावर ठेवले, तळवे वर. "बॉक्स नाही, बिल नाही. थोडा वापरलेला आहे. रात्री घोरतो, असं बाबा म्हणतात. विचारा काय विचारायचं ते. तपासून घ्या. हवा तेवढा वेळ घ्या… पण परत करू नका."

मी काहीच विचारलं नाही. माझं बोट त्याच्या तळव्याच्या कडेला टेकलं, तिथेच राहिलं. बाहेर अवकाळी सर आली आणि या वेळी ती चुकून आल्यासारखी वाटली नाही.

टिंग वाजलं, बॉक्सच्या आतून. काउंटरपाशी उभ्या काकांनी न सांगता खिशातून गोळी काढली आणि आंटीकडे पाणी मागितलं.

"खातं काढायचं ना आज?" उमंगने विचारलं.

"नको," मी म्हटलं. "राहू दे."

मनालीने सुकेळी संपवली, बोटं चाटली, आणि डब्याकडे, टॅबकडे, मग काकांकडे बघितलं. काहीतरी जुळवत होती.

"आई, टॅब आधी मंदाआजीचा होता ना?"

"हो."

"आणि डबापण?"

"डबापण."

"आता आपला?"

उमंगने माझ्याकडे बघितलं. "हो," मी म्हटलं. "आता आपला."

तिने मान हलवली. रस्त्यापलीकडे कोर्टाच्या पायऱ्यांवर लोक पावसातून पळत होते, कागद पोटाशी धरून. ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझी बाही ओढून तिने विचारलं,

"आई, आणि आपण आधी कुणाचे होतो?"